तडजोड शुल्क आणि मागचा दिवा

गेल्या नोव्हेंबरातील गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास महाविद्यालयातून घरी परतत असताना छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवरील एका चौकात वाहतूक पोलिसाने मला बाजूला घेतले. परवाना, विमा, पीयूसी सारे जागेवर होते. हेल्मेटही डोक्यावर होते. आपण प्राध्यापक असल्याचे, कोणी विचारलेले नसताना, माझे सांगून झाले होते. तो तरुण शिपाई शांतपणे म्हणाला,

“सर, तुमचा मागचा दिवा बंद आहे.”

“कधीपासून?” माझ्या तोंडून नकळत निघून गेले.

“ते तुम्हीच सांगायचं ना, सर.”

मला सांगता आले नाही. त्याने हातातल्या यंत्राने गाडीचा फोटो काढला, क्रमांक टाकला आणि पाचशे रुपयांचे ई-चलान माझ्या मोबाइलवर येऊन पडले.

पुढे जे घडले ते सांगायला संकोच वाटतो. पण ते सांगितल्यावाचून या लेखाला अर्थ नाही. चौक ओलांडल्यावर गाडी कडेला लावून मी एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो स्पर्धा परीक्षा देऊन फौजदार झाला आहे. आमचे विद्यार्थी फौजदार झाले की आम्ही त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो, आणि त्यांच्या यशाचा पहिला उपयोग असा रस्त्याच्या कडेला उभे राहून करतो. “सर, एकदा मशीनमध्ये गेलं की निघत नाही,” तो म्हणाला, आणि मग जरा चाचरत, “बल्ब तेवढा बदलून घ्या, सर.” दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मोबाइलवरून पाचशे रुपये भरले. पैसे पोहोचल्याचा संदेश आला. प्रकरण मिटले.

आणि बल्ब? तो त्यानंतर अकरा दिवसांनी बदलला. औरंगपुऱ्यातल्या गॅरेजवाल्याने मजुरीसकट साठ रुपये घेतले आणि पाच मिनिटांत गाडी परत दिली. प्रस्तुत लेख त्या मधल्या अकरा दिवसांविषयी आहे. त्या दिवसांत मी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होतो आणि रोज संध्याकाळी बिनदिव्याची गाडी चालवत होतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. त्याहून वाईट म्हणजे, त्यात काही विसंगती आहे असे मला वाटलेही नव्हते.

आमच्या स्टाफरूमने माझ्या चलानाचे यथोचित दुःख केले. “रस्त्यावरचे दिवे बंद, खड्डे बुजत नाहीत, आणि सामान्य माणसाच्या एका बल्बसाठी पाचशे रुपये! ही व्यवस्थाच अशी आहे,” असा निष्कर्ष निघाला आणि चहा आला. मलाही बरे वाटले. मात्र त्याच वर्षी फेब्रुवारीत याच खोलीत वेगळाच निवाडा झाला होता. आमचा एक विद्यार्थी पैठण रस्त्याने मोटारसायकलवर गावाकडे जात असताना उसाच्या एका बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून आदळला. गळिताचा हंगाम भरात होता. जीव वाचला, पण डावा गुडघा कायमचा गेला. तेव्हा आम्ही वर्गणी काढली, आणि ट्रॉलीमालकाला काय काय शिक्षा व्हायला हवी याची यादी केली. ‘बेजबाबदार’ हा शब्द सर्वांत सौम्य होता. तीच खोली, त्याच खुर्च्या, तोच बंद असलेला मागचा दिवा. ट्रॉलीचा असेल तेव्हा तो गुन्हा, आपला असेल तेव्हा व्यवस्थेचा जाच. वाचकहो, साहित्याच्या अभ्यासकाला दृष्टिकोनाचा हा पालट दुसऱ्याच्या कादंबरीत लगेच दिसतो. स्वतःच्या वाक्यात तो दिसायला मला अकरा दिवस लागले.

वाहनावरचा मागचा दिवा ही चीजच मोठी विलक्षण आहे. हेडलाइट आपल्यासाठी असतो. तो गेला तर आपल्याला खड्डा दिसत नाही, म्हणून आपण तो त्याच दिवशी दुरुस्त करतो. हॉर्न बिघडला तर आपला हात सुना होतो. मागचा दिवा मात्र मालकाला गाडी चालवताना कधीच दिसत नाही. त्याचा सगळा उपयोग मागून येणाऱ्या, आपल्याला अनोळखी असलेल्या माणसाला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ ने या अनोळखी माणसाचा हिशेब अगदी मीटरमध्ये केलेला आहे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, आणि एरवीही पुरेसा उजेड नसेल तेव्हा, मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. क्रमांकाच्या पाटीवर पांढरा उजेड असा पडला पाहिजे की ती १५ मीटरवरून वाचता यावी. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्याला १५५ मीटर अंतर कापायला सुमारे ९ सेकंद लागतात. दिवा नसेल आणि पुढच्या गाडीचा नुसता आकार त्याला ३० मीटरवर दिसला, तर त्याच्या हाती दोन सेकंदही उरत नाहीत. म्हणजे मागचा दिवा लावणे याचा अर्थ मागून येणाऱ्याला सात सेकंद देणे. माझ्या विद्यार्थ्याला ते कोणी दिले नव्हते. मी त्या अकरा दिवसांत कोणाकोणाचे हिरावले, हे मला कधीच कळणार नाही. माझ्या मागे कोणी आदळले नाही, हा योगायोग माझ्या खात्यावर पुण्य म्हणून जमा करता येणार नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि एकूण अपघातांपैकी साधारण पाचातला एक अपघात मागून धडकण्याचा होता. हे सगळे अपघात बंद दिव्यांमुळे झाले असे म्हणण्याचा खोटेपणा मी करणार नाही. त्यांत अतिवेग आहे, झोप आहे, भररस्त्यात उभी केलेली वाहने आहेत. आपल्याच जिल्ह्यात, १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ भाविकांची गाडी ट्रकवर मागून धडकली आणि १२ जण गेले. तो ट्रक तेथे थांबवल्याच्या आरोपावरून परिवहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांवर गुन्हाही दाखल झाला. रात्रीच्या रस्त्यावर पुढे काय उभे आहे हे मागच्याला वेळेवर कळणे ही केवढी गोष्ट आहे, एवढेच सांगण्यासाठी हा दाखला.

आता शब्दांकडे वळू. कारण तो आपला प्रांत आहे. चौकात दंड भरला की आपण ‘पावती फाडली’ म्हणतो. पावती म्हणजे पावल्याची खूण. कोणाला काय पावले? शासनाला पैसे पावले. त्या कागदात दिव्याविषयी काही नाही. लोकांनी शब्द मोठा नेमका निवडला आहे. कायद्याच्या भाषेतला शब्द तर त्याहून बोलका आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० खाली जागच्या जागी जी रक्कम भरून गुन्हा मिटवता येतो, तिला आपल्याकडे ‘तडजोड शुल्क’ म्हणतात. तडजोडीला किमान दोन पक्ष लागतात. येथे एक पक्ष शासन आणि दुसरा वाहनचालक. शासन म्हणते पाचशे दे, चालक म्हणतो घे, आणि दोघे समाधानाने आपापल्या वाटेने जातात. ज्याच्यासाठी तो दिवा होता, तो मागून येणारा तिसरा माणूस या तडजोडीत कोठेच नाही. त्याचे सात सेकंद दोघांनी मिळून पाचशे रुपयांना मिटवलेले असतात आणि त्याला त्याची खबरही नसते.

माझा आक्षेप येथे आहे, आणि तो दोन्ही पक्षांवर आहे.

आधी कायद्यावरचा. दिव्यासंबंधीच्या नियमभंगाला सर्वसाधारणपणे कलम १७७ लागू होते. तेथे पूर्वी पहिल्या वेळी १०० रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो ५०० झाला, पुन्हा सापडल्यास १५००. महाराष्ट्रात हे वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. रक्कम पाचपट झाली; प्रश्न मात्र तोच राहिला. ‘पैसे भरलेस का?’ हे विचारण्याची यंत्रणा आपण उभी केली आहे, ‘दिवा लागला का?’ हे विचारण्याची केलेली नाही. गंमत अशी की, याच नियमावलीत नियम १३९ आहे. वाहनाची कागदपत्रे तपासणीच्या वेळी जवळ नसतील, तर ती पंधरा दिवसांच्या आत सादर करण्याची सवड तो देतो. म्हणजे कागद घरी राहिला तर शासन पंधरा दिवस थांबते आणि कागद आला की नाही हे पाहते; दिवा बंद असेल तर ते थांबतही नाही आणि नंतर पाहतही नाही. कागदावर असा जीव आणि दिव्याविषयी अशी बेफिकिरी!

अन्यत्र असे नाही. इंग्लंडमध्ये दिव्यासारख्या किरकोळ बिघाडासाठी पोलीस चौदा दिवसांची मुदत देऊ शकतात. दुरुस्ती करून मान्यताप्राप्त गॅरेजचा शिक्का आणला की दंड होत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात दिवा दुरुस्त केल्याचा पुरावा दाखवला की नाममात्र शुल्कावर प्रकरण बंद होते. आणि परदेशाचे नाव काढले की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांच्यासाठी घरचाच दाखला देतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २०० मध्ये तडजोड रकमेच्या जोडीने समाजसेवा करायला लावण्याची तरतूद आलेली आहे. पैसे दिले म्हणजे सारे संपले असे नाही, हे तत्त्व आपल्या कायद्याने मान्य केलेलेच आहे. मग साठ रुपयांच्या बल्बची चौकशी करायला अडचण कोणती? सात दिवसांची मुदत द्यावी. त्या अवधीत शहरातल्या कोणत्याही चौकात दिवा लावून दाखवावा, शिपायाने त्याच यंत्राने दुसरा फोटो काढावा आणि नाममात्र शुल्कात प्रकरण बंद करावे. न दाखवणाऱ्याकडून पूर्ण दंड घ्यावा. यंत्र आहे, फोटो आहे, मोबाइलवर संदेश पाठवण्याची सोय आहे. नाही ती फक्त दिव्याविषयीची आस्था.

याला आणखी एक बाजू आहे. पाचशे रुपये ही रक्कम सर्वांसाठी सारखी नसते. सातव्या वेतन आयोगाचा पगार घेणाऱ्या माझ्यासारख्याला ती चहा पिता पिता भरता येते, आणि म्हणूनच ती मला बल्बची आठवणही करून देत नाही. वाळूजच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणाऱ्या तरुणाची ती दिवसाची कमाई असते. आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, मानधनाची महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्या सहकाऱ्याला ती महिन्याच्या पेट्रोलात मोजावी लागते. तो दंड भरतो आणि बल्ब पुढच्या महिन्यावर ढकलतो. म्हणजे हा दंड श्रीमंताला जागे करत नाही आणि गरिबाकडचे बल्बचेही पैसे काढून घेतो. दुरुस्तीची अट मात्र दोघांना सारखीच पडेल.

आता आपल्यावरचा, म्हणजे शिक्षित वर्गावरचा आक्षेप. ‘रस्त्यावर दिवे नाहीत’ हे आपले आवडते उत्तर. रस्ता अंधारा असेल तर गाडीचा दिवा अधिक हवा की कमी? अंधाऱ्या रस्त्याचा पुरावा आपण आपल्या बचावासाठी देतो आणि तो सरळ आपल्याच विरुद्ध जातो, हे अलंकार शिकवणाऱ्यांच्या ध्यानात येऊ नये? खड्ड्यांचेही तेच. पालिकेचे, बांधकाम खात्याचे, पोलिसांचे चुकते ते चुकतेच. त्याविरुद्ध लिहावे, भांडावे. पण त्यांची चूक माझ्या मागून येणाऱ्या मुलाच्या गुडघ्यावर वसूल करण्याचा अधिकार मला कोणी दिला?

दुसरे उत्तर ‘व्यवस्था’. हा शब्द वापरताना आपण जरा जपायला हवे, निदान या शहरात तरी. याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, येथूनच गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले, येथल्याच विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे माणसांनी मार खाल्ला, घरे गमावली, प्राण दिले. त्या पिढ्या ‘व्यवस्था’ म्हणत तेव्हा त्या शब्दाला पत्ता होता: अमुक गावकी, अमुक नियम, अमुक बंद दार. तो शब्द उच्चारणे म्हणजे काही तरी अंगावर घेणे होते. आम्ही तो वारशाने घेतला आणि त्याचे काय केले? साठ रुपयांचा बल्ब न बदलण्याचे कारण म्हणून तो वापरला. समीक्षेतला एक धारदार शब्द स्टाफरूममध्ये येता येता पळवाट होऊन बसला, आणि याची जबाबदारी मराठीच्या प्राध्यापकांइतकी दुसऱ्या कोणावर नाही.

येथे एक रास्त प्रश्न येतो. चलान चुकीचेच असेल तर? दिवा चालू असताना बंद म्हणून नोंदला, दुसऱ्याच गाडीचा क्रमांक टाकला, असे होतच नाही काय? होते. त्यासाठी वाटही आहे. तडजोड ही सक्ती नव्हे; ती मान्य नसेल तर न्यायालयापुढे म्हणणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. कॅमेऱ्यांसारख्या इलेक्ट्रॉनिक देखरेखीतून निघालेल्या चलानाबाबत नियम १६७अ सांगतो की, घटनेपासून पंधरा दिवसांत सूचना गेली पाहिजे आणि पुराव्याची नोंद प्रकरण निकाली निघेपर्यंत जपली पाहिजे. तेव्हा फोटो मागावा, लेखी तक्रार करावी, आपल्या भाषेत चार स्वच्छ वाक्यांत म्हणणे मांडावे. ज्यांना चार स्वच्छ वाक्ये लिहिता येतात अशा वर्गात आपली गणना होते. तरीही आपण लिहीत नाही; फोन करतो. चूक नसताना केलेला फोन आपला हक्क मारतो, चूक असताना केलेला फोन दुसऱ्याचा. आणि दोन्ही वेळा फोन करू न शकणारा कंत्राटी कामगार चौकात उभा राहून आपल्याकडे पाहत असतो.

कारवाई कोठे होते, हाही प्रश्न उरतोच. चौकातल्या उजेडात माझ्यासारख्यांच्या दुचाकी तपासणे सोपे असते. अंधार पडल्यावर पैठण वा गंगापूरच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग थांबवणे कठीण असते. पण जीव तेथे जातात. तेथे दंड करायचा तर तो उचल घेऊन आलेल्या आणि मालकाने दिली ती ट्रॉली ओढणाऱ्या माणसाला करून उपयोग नाही. वाहनाच्या मालकाला आणि वाहतुकीचे कंत्राट देणाऱ्याला विचारायला हवे. अधिनियमाच्या कलम १९० ची भाषा येथे पाहण्यासारखी आहे. वाहनात ज्ञात असलेला, किंवा साधी काळजी घेतली असती तर ध्यानात आला असता असा दोष असताना ते रस्त्यावर चालवणारा, आणि ते चालवू देणाराही, तेथे दोषी धरला आहे. अशा दोषामुळे कोणी जखमी झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैदही सांगितली आहे. ‘साधी काळजी’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर कायद्याने आधीच ऐकून ठेवले आहे आणि फेटाळलेही आहे. ‘कधीपासून?’ या माझ्या प्रश्नाला त्या शिपायाने दिलेले उत्तर म्हणजे या कलमाचे उत्तम मराठी भाषांतर होते.

माझे वडील सांगत असत की, त्यांच्या तरुणपणी रात्री सायकलला दिवा नसला तर हवालदार चाकातली हवा सोडून देई. मग घरापर्यंत सायकल हाताने ढकलत न्यावी लागे. ही शिक्षा न्याय्य होती असे मला म्हणायचे नाही. हवालदाराच्या मर्जीवर चालणारे ते सारे राज्य होते. तिच्यात एक गोष्ट मात्र आपोआप साधत असे. बिनदिव्याची सायकल त्या रात्री रस्त्यावर धावत नसे. आज यंत्र आले, पारदर्शकता आली, हवालदाराची मर्जी बरीचशी गेली, हे चांगलेच झाले. फक्त चलान मिळालेली बिनदिव्याची गाडी चौकातून पुढे धावू लागली.

ज्या शहराच्या वाळूज वसाहतीत १९८५ पासून बजाजच्या दुचाकी तयार होतात, आणि वाहनांचे दिवे बनवणाऱ्या वॅरॉकचे मुख्यालयही जिथे आहे, त्या शहराला दिव्याचे महत्त्व परक्या माणसाने सांगावे लागू नये. ‘काय दिवे लावले?’ हा आपल्याकडे नाकर्त्याला विचारायचा प्रश्न आहे. दुसऱ्या कोणाला तो विचारण्याआधी मी आमच्या महाविद्यालयापुरती एक सूचना लेखी दिली आहे. दिवस लहान झाले की, महिन्यातून एका संध्याकाळी, पार्किंगच्या फाटकाशी दोघांनी उभे राहायचे. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागून पाहायचे. आपला मागचा दिवा आपल्याला दिसत नाही. तो पाहायला दुसरे माणूस लागते. ज्याचा बंद असेल त्याच्याकडून दंड घ्यायचा नाही. फाटकापासून जवळच गॅरेज आहे, तेथे त्याला त्याच वेळी पाठवायचे. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांचा आणि विद्यार्थ्यांचा बल्बचा खर्च स्टाफरूमच्या चहाच्या वर्गणीतून करायचा. सूचनेवर अद्याप निर्णय झालेला नाही. ‘हे आपले काम आहे का?’ असा प्रश्न एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी उपस्थित केला आहे, आणि पुढच्या बैठकीत त्यावर चर्चा होणार आहे. ज्या विद्यार्थ्याचा गुडघा गेला, तो या वर्षी एम.ए.च्या वर्गात आहे. त्या बैठकीला त्यालाही बोलवावे, असे मी सुचवले आहे.